सपाट बाजू जगाकडे

फोन आला तेव्हा मी काशीदच्या एका रिसॉर्टवर पाहुण्यांसमोर अप्पाकाकांचाच आवाज काढत होतो. माझा हुकमी आयटम तो. मान वर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि "अहो, दगड काय म्हणता, दात आहे तो!" लोक खदखदत होते, खिशात फोन थरथरत होता. आयटम संपवला, टाळ्या घेतल्या, मग बाजूला जाऊन काकूला फोन लावला. "अप्पा गेले रे…" मनात आलं, आत्ता तर बोलत होते की!

अप्पाकाका माझे सख्खे काका. उमेदीची सगळी वर्षं कच्छमधल्या लिग्नाइटच्या खाणीत सर्व्हेअर होते. तिथल्या मातीत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शार्कचे दात सापडतात, ते त्यांनी आयुष्यभर वेचले आणि रिटायर झाल्यावर बिस्किटांच्या डब्यांत भरून बोर्ली पंचतनच्या आमच्या सुपारीच्या वाडीत आणले. शेजारपाजारचे आशेने बघायला आले, आता काका कच्छी भरतकाम काढतील म्हणून. निघाले दात! मी म्हटलं, "काका, स्वतःचे पडायला लागल्यावर स्टेपनी आणलीत होय?" सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

त्यांचा ध्यास एकच. सुट्या दातांमधून एका जातीचा अख्खा जबडा उभा करायचा. हेमिप्रिस्टिस नावाचा शार्क. वरचे दात कोयतीसारखे मागे वळलेले, कडेला करवत. खालचे पुढचे सुईसारखे. "हा साहेब माणूस," काका म्हणायचे, "खालच्या काट्याने धरायचा, वरच्या सुरीने कापायचा." जेवायच्या जुन्या पाटावर त्यांनी खडूने जबडा काढला होता. दात हातात आला की आधी जात, मग वरचा की खालचा, पुढचा की कडेचा, डावा की उजवा… आणि खात्री पटली तरच पाटावर. कोपऱ्याकडे दात कसे लहान होत जातात ते ताडून बघायला बाजारातून मुशीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, मुंडकं आणायचे. कोळीण ओरडायची, "मुंडकाच न्हेता, मंग बाकीची मुशी काय मी खाऊ?" आणि घरी ते उकळून जबडा सोडवायला मागीलदारी चूल पेटली की काकू, "माझं आमटीचं पातेलं घेतलंत तर बघा!" एवढं सगळं करूनही वरच्या डाव्या बाजूची एक जागा रिकामीच राहिली. तेवढी भरली की पाट एका कॉलेजच्या संग्रहालयाला द्यायचा, हे ठरलेलं.

एका गणपतीत मी त्यांच्यासमोरच त्यांची नक्कल केली. विचार करताना ते कानाची पाळी चोळायचे, तीसुद्धा. सगळं घर लोळतंय आणि हे गंभीर. "छान. पण नकल्या, तू माझी नाही, आरशाची नक्कल केलीस. मी डावा कान चोळतो, तू उजवा चोळलास."

"समोरून तसंच दिसतं ना, काका!"

"तिथेच फसतात सगळे. माशाचा डावा बघायचा, बघणाऱ्याचा नाही." मग माझ्या हातात एक दात ठेवला. "अंगठा फिरव. फुगीर बाजू जिभेकडे, सपाट बाजू जगाकडे. वरचा दात ना, मग मूळ वर धर, सपाट अंग आपल्यासमोर. आता टोक ज्या बाजूला झुकेल, तिकडे जबड्याचा कोपरा." त्यांची नजर अधू झाल्यावर मीच त्यांचे डोळे झालो. गावभर टवाळक्या करणारं पोरगं रविवारी पाटासमोर मांडी घालून बसतं, याचं काकूला नवल. काका म्हणायचे, "नकला करतो ना, त्याला बघता येतं." कुठलंही बक्षीस मला एवढं चढलं नाही.

तेरावं झालं आणि कच्छहून त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचं पार्सल आलं. आत एकच दात, चकचकीत तपकिरी. हेमिप्रिस्टिसचाच, वरचा, मापही तेच. काकूने तो रिकाम्या जागी ठेवला. चपखल! "भरला रे… यांचा जबडा पुरा झाला." दादाने, म्हणजे त्यांच्या मुलाने, लगेच फोटो काढला. काका गेल्यावर पाट आहे तसाच द्यायचं ठरलं होतं, कॉलेजची माणसं दुसऱ्याच दिवशी यायची होती. मी कौतुकाने दातावर अंगठा फिरवला… आणि थांबलो. फुगीर बाजू वर आली होती. दात पालथा पडलेला. सुलटा केला तर टोक भलतीकडे. उजव्या बाजूचा होता तो.

दादा हळूच म्हणाला, "राहू दे रे. कोणाला कळतंय? आईकडे बघ जरा."

बघितलं. मलाही तो पाट भरलेला हवाच होता. पण तोंडातून आवाज आला तो काकांचा, न ठरवता. "अहो, उलटा दात घेऊन तो बिचारा जेवेल कसा?"

काकू हसली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, स्वतःच्या हाताने दात उचलून बिस्किटांच्या डब्यात टाकला. "बरोबर. खोटा भरलेला त्यांना चालला नसता."

पाट आता कॉलेजात काचेमागे आहे, एक जागा तशीच रिकामी ठेवून. लोकांना वाटतं, दात पडला. वाटू दे, मला तिथेच काका दिसतात. पण त्या दिवशी घरात काकू एकदम माझ्याकडे टक लावून बघायला लागली. "तुझा हात बघ," म्हणाली. मी कानाची पाळी चोळत होतो.

डाव्या.