पाच वाकळी

यशवंतमामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गंगाखेडला बारावीच्या वर्गावर होतो. फळ्यावर रुपयाच्या अवमूल्यनाचे फायदे लिहीत होतो... निर्यात वाढते, रोजगार वाढतो. फळा तसाच ठेवून मी परभणीची एसटी धरली.

मामा परभणीत प्लास्टिकच्या पाइपांच्या कारखान्यात मुकादम होते. राणीसावरगावकडच्या त्यांच्या गावातली पाच माणसं त्यांनी तिथं कामाला लावली होती. घरून आणलेली एकेक वाकळ अंथरून ती मामांच्या पुढच्या खोलीत राहत. त्याच खोलीत राहून मी पदवीधर झालो, घराण्यातला पहिला. मग सरकारनं रुपयाची किंमत उतरवली. पाइप ज्या प्लास्टिकच्या दाण्यापासून बनत, तो परदेशातून यायचा. तो महागला, पाइप महागले, गिऱ्हाईक तुटलं. मालकानं एक पाळी बंद केली. कारखान्याची रीत अशी, की ज्यानं माणूस लावला त्यानंच त्याला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणायचं. मामांनी पाचही जणांना सांगितलं. त्यांची स्वतःची नोकरी मात्र राहिली.

मामांनी आपलं तेवढं राखलं, असं गावात बोललं जाऊ लागलं. मी त्यांना घेऊन गावी गेलो आणि विहाराच्या ओट्यावर लोकांना डॉलरचा भाव समजावू लागलो. पाचांतला थोरला नामदेव शांतपणे म्हणाला, “मास्तर, डॉलरला आमी वळखत न्हाई. आमाला दादानं नेलं, दादानंच घरी धाडलं. तेला बोलू द्या की... वकील कशाला आणलाय?”

परतीच्या एसटीत मामा एवढंच म्हणाले, “तू खरंच सांगितलंस रे. पर मला लय लाज वाटली.” पुन्हा ते गावी गेले नाहीत. यंदा विद्यापीठाचं नामांतर झालं, गावानं बोलावणं धाडलं, तरी त्यांनी ड्यूटीचं निमित्त सांगितलं.

जलदानविधीला नामदेव आला. पुढच्या खोलीत दोरीवर पाच वाकळी होत्या. माणसं त्या न घेताच गेली होती. मामा दर रविवारी त्यांना ऊन दाखवत, असं मामी म्हणाली. नामदेवानं आईच्या लुगड्याच्या काठावरून आपली ओळखली. मी ती घडी घालून त्याच्या हाती दिली. त्यानं परत दोरीवर टाकली. “राहू द्या हितंच. आज मुक्काम हाय माजा.”

रविवारी मामी आता त्या उन्हात घालते. अवमूल्यनाचा धडा आला, की मी फळ्यावर ‘रोजगार वाढतो’ असं लिहितो, आणि मुलांकडे तोंड वळवायला मला जरा वेळ लागतो...