खारपाणपट्ट्यातली जीभ

आमच्या गावी पाणी दोनच प्रकारचं. खारं आणि गोडं. अकोल्याच्या खालच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात आमचं गाव. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गोडं पाणी म्हणजे टँकरचं, नाहीतर नळाला आलंच तर धरणाचं. ते डाळीला आणि पाहुण्यांना. बाकी आम्ही खाऱ्यावरच वाढलो.

त्यामुळे निफाडकडच्या या पॉलिहाऊसात कामाला लागलो आणि ताई म्हणाली, "उद्यापासून या वाफ्याला गोडं पाणी," तेव्हा मी विचारलं, "टँकर किती वाजता येतो?"

ताई हसत सुटली. "अरे वऱ्हाडी भाऊ, टँकर कशाला? खत बंद, नुसतं पाणी. त्याला आम्ही गोडं पाणी म्हणतो."

ताई म्हणजे इथली मुकादम. पेठकडच्या डोंगरातली, द्राक्षाच्या कामाला येता येता इथेच राहिलेली. सातपूरला मी ज्या वर्कशॉपात होतो ते बंद पडलं, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या पोराने मला आपल्या या आत्याकडे पाठवलं. तिने मालकाला एवढंच सांगितलं, "माणूस कमी बोलतो. ठेवा." आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला याहून मोठं शिफारसपत्र कोणी दिलं नव्हतं. काम मिळालं आणि पाण्याच्या मोटारीशेजारची खोलीही. खोली कामाबरोबरची, काम गेलं की तीही जाणार. हे मी कधी विसरायचो नाही. द्राक्षं निघाली की आजूबाजूच्या बागांतली माणसं निघून जातात, मग दिवसभर ड्रिपचा आवाज आणि मी. संध्याकाळी ताईपण घरी जाते.

आम्ही हॉटेलांसाठी सॅलडचा पाला लावतो, लेट्यूस. माती नाही, नारळाच्या भुशाच्या पिशव्या. त्यांना ड्रिपने खताचं पाणी. कापणीच्या आधी काही दिवस खत तोडायचं आणि साध्या पाण्याने भुसा धुऊन काढायचा, म्हणजे पाल्याला खताची चव राहत नाही, असं ताईचं म्हणणं. द्राक्षाचं बघून ती बोलायची. "काढणीआधी बागेचं पाणी तोडतात ना? तेव्हाच गोडी उतरते. झाडाला थोडा उपास लागतोच."

मालक ताईच्या मुलाच्या वयाचा, शेतीचा डिप्लोमा केलेला. आम्ही त्याला दादा म्हणतो, तो मला मामा. त्याला हे पटत नव्हतं. एका हॉटेलाने आमचे क्रेट कडू म्हणून परत पाठवले तेव्हा वाद पेटला.

"ताई, मी नेटवर वाचलं. परदेशात लायसन घेऊन गांजा लावतात ना, ते लोक यावरच भांडत बसतात. काढणीआधी झाड धुवायचं की नाही. निम्मे म्हणतात धुवा, निम्मे म्हणतात काही फरक पडत नाही, उलट झाड उपाशी राहून पानं पिवळी पडतात."

"आता गांजावाल्यांना विचारून पाला लावायचा का?"

"झाड ते झाड, ताई."

"मग त्यांनाच पाठवा तुमचा पाला."

मी पिशव्या सरळ करत राहिलो. हसू आलं, पण दादाच्या पुढच्या वाक्याने ते गेलं. हा लॉटही परत आला तर उन्हाळाभर शेड बंद, असं तो शांतपणे म्हणाला. ताईला तिचं घर होतं. मला मोटारीशेजारची खोली.

शेवटी ठरलं की या खेपेला ताईच्याच पद्धतीने नीट धुवायचं. पण कापणीच्या ऐन तोंडावर ताईच्या नात्यात लग्न निघालं. खार मोजायचं मीटर दुरुस्तीला गेलेलं. जाता जाता तिने मला पिशवीखाली नेऊन बसवलं.

"खालून गळतं ते जिभेला लावायचं नि थुंकायचं. वरून येणारं नि खालून जाणारं सारखं लागलं की कॉक बंद. उगा पाणी घालवू नको. जमंल ना?"

"जमेल."

पाण्याच्या चवीचंच काम, मला का नाही जमणार. तरी धास्ती होतीच. सकाळी बोट लावलं, दुपारी लावलं, पुन्हा वरचं पाणी, पुन्हा खालचं. मला दोन्ही सारखंच लागत होतं. गोडं. आणि एवढं गोडं पाणी चरातून बांधाकडे वाहत जाताना बघणं मला फार जड जात होतं. आई अजून टँकरच्या वेळी हंडे घेऊन दारात उभी राहते. दुसऱ्या दिवशी मी कॉक बंद केला. जबाबदारी पार पाडल्यासारखं वाटलं.

पाला कापला, क्रेट टेम्पोत चढले, टेम्पो रस्त्याला लागला आणि दादा दुरुस्त झालेलं मीटर घेऊन आला. त्याने पिशवीखालचं पाणी वाटीत घेतलं. आकडा बघून कपाळाला आठी पडली. मग बोट बुडवून जिभेला लावलं आणि लगेच थुंकला.

"मामा, हे तुम्हाला गोडं लागलं?"

"हो दादा."

"हे खारं आहे."

मी पुन्हा चव घेतली. मला खरंच गोडं लागलं. आमच्या विहिरीपुढे ते गोडंच होतं. इतकी वर्षं बाहेर काढली, पण जीभ तिकडचीच राहिली होती, हे मला तिथे, वाटी हातात धरून कळलं. दादा रागावला नाही. "आता बघू हॉटेलवाले काय म्हणतात," म्हणून निघून गेला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मी बॅगेत कपडे भरले, काढले, परत भरले. आईला फोन लावावा वाटलं, पण काय सांगणार? लग्नाहून ताई परतली ती थेट शेडमध्ये. मी सगळं सांगितलं. तिने कमरेवर हात ठेवले.

"दोन वर्षं माझ्या हातची भाजी खातोस. मीठ जास्त झालं तरी बोलत नव्हतास, तेव्हाच ओळखायला हवं होतं मी."

दुसऱ्या दिवशी दादा फोन कानाला लावूनच आत आला. हॉटेलवाल्यांना पाला आवडला होता. असाच पाठवा म्हणाले.

"असाच म्हणजे अर्धवट धुतलेला," दादा ताईकडे बघून म्हणाला.

"मागच्या वेळी ऊन लय होतं. त्यानं कडू झाला असंल," ताई म्हणाली. मग एक पिशवी चाचपत, "तरी एक दिवस तरी धुवायचं. नुसत्या खतावरचं मी देणार नाय."

एक दिवसावर तडजोड झाली. दादा मला म्हणाला, "मामा, चव मीटर घेईल. तुम्ही कॉक सांभाळा." म्हणजे शेड चालू राहणार होती, मी पण. मला त्याचे आभार मानायचे होते, पण तो फोनवर बोलत पुढे गेला होता.

खोलीवर येऊन कपडे खुंटीला लावले, कुकर चढवला आणि आईला फोन केला. मला खारं पाणी गोडं लागतं म्हणून इथे सगळे हसले, असं सांगितलं. मला वाटलं तीही हसेल.

"म्हंजे जीभ आपलीच हाय अजून," ती म्हणाली. आणि नेहमीचं विचारलं, "तिकडं डाळ शिजते ना बाप्पा?"

"शिजते."

"मंग बरं."

फोन ठेवला तेव्हा बाहेर ताईची सायकल फाटकातून गेली होती. कुकर उघडला. डाळ पार विरघळली होती, एक दाणा दिसत नव्हता. मी ताटात वाढून घेतली आणि वरून मीठ घेतलं.