मेश्राम मॅडम आणि आंबट पाणी

मेश्राम मॅडम बाजारात झिंगे घेताना आधी भाव विचारत नसत. पदर खोचून टोपलीशी वाकायच्या आणि बर्फाखाली साचलेल्या पाण्याचा वास घ्यायच्या. नागपूरला समुद्र नाही. झिंगे येतात ते बर्फातून, लांबचा प्रवास करून. "माल बोलत नाही, पाणी बोलते," असं त्या म्हणत.

मी त्यांच्या हाताखाली सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नवी होते. त्या वर्षी सदर भागाजवळच्या बाजारातल्या शांताबाईंकडचे झिंगे खाऊन एक कुटुंब आजारी पडलं. कुणी जिवाला मुकलं नाही, पण शांताबाईंच्या टोपलीकडे कुणी फिरकेना. मॅडम वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच मासळी घ्यायच्या. त्यांनी तिथले झिंगे तपासले, तर जंतू भरपूर निघाले. मग आम्ही ते लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून पाहू लागलो. पाणी जास्त आंबट झालं की झिंगे पांढरे पडून रबरासारखे व्हायचे. कमी पडलं की जंतूंना काहीच वाटायचं नाही. दोन महिने हाच खेळ चालला. शेवटी प्रमाण जमलं. जंतू वाढवून मोजायच्या काचेच्या बशीत आधी त्यांच्या ठिपक्यांची दाटी असायची, तिथे आता मोजके ठिपके उरले.

मी आनंदाने अहवालात लिहिलं, 'जंतू नष्ट होतात.' मॅडमनी तो शब्द लाल शाईने खोडला.

"काहून वं, सगळे मेलेले तुनं पाह्यले का? मंग 'नष्ट' काहून लिहून राहिली? 'कमी होतात' लिही."

तेच त्यांनी शांताबाईंना जाऊन सांगितलं. बर्फ रोज ताजा हवा, टोपली धुतलेली हवी, शिवाय झिंगे या आंबट पाण्यात बुडवायचे, आणि गिऱ्हाइकाने घरी नीट शिजवायलाच हवं. शांताबाईंचा चेहरा उतरला. त्यांना एकच खात्रीचं औषध हवं होतं.

"मंग या पाण्याचा फायदा काय, मॅडम?"

"छत्री हाये म्हणून तुमी पुरात उतरता का, शांताबाई? पण पावसात घेताच ना?"

शांताबाई थोडं हसल्या. त्यानंतर कित्येक रविवार मॅडम भर गर्दीच्या वेळी तिथे उभ्या राहून पहिली खरेदी स्वतः करत. विचारणाऱ्याला सगळं समजावत, पण 'काही होणार नाही' असं कधी म्हणाल्या नाहीत. गिऱ्हाइकं हळूहळू परतली.

मॅडम निवृत्त होऊन सावनेरला भावाकडे राहायला गेल्या. मागच्या महिन्यात मी शांताबाईंकडे गेले, तर त्यांच्या टोपलीपुढे रांग होती. माझ्या पुढच्या मुलीला पुडकं देताना त्या म्हणाल्या, "माल चांगला हाये, बाई. पण मी जंतू सारे मारले नाहीत. घरी पूर्ण शिजवजा."

मी तिथूनच मॅडमना फोन लावून हे सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "बर्फ पुरेसा होता का?"