डोळा भुरीचा, चौकशी आमच्या गावाची

मंडळी, बालाघाटात डोळ्याचा डॉक्टर कसा निवडतात ते आज पाहून आलो.

आमच्या भुरी कुत्रीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय. काकाजींनी फर्मान काढलं, "जबलपूरले काहून जाता? इथला जनावरांच्या डोळ्यांचा स्पेशालिस्ट आपल्या समाजाचा पोरगा आहे." झालं! समाजाचा म्हटल्यावर त्याला काय येतं हे कोण विचारणार?

गेलो. डॉक्टरसाहेबांचा पहिला प्रश्न, "मूळ गाव कोणतं तुमचं?" काकाजी म्हणाले, राजेगाव. मग काय! सोयरेधायरे निघाले, कोणाची पोरगी कुठे दिली ते निघालं, चहा आला. भुरी टेबलावर बसून दोघांची तोंडं बघत होती. तिच्या डोळ्यावर साधा टॉर्चसुद्धा कोणी मारला नाही.

शेवटी साहेब म्हणाले, "टेन्शन नका घेऊ, सोमवारी ऑपरेशन करून टाकू. घरचंच काम आहे."

मी विचारलं, "कोणत्या डोळ्याचं?"

तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा भुरीकडे पाहिलं. म्हणाले, "उजव्या."

तिला जे काही दिसतं ते त्याच डोळ्यानं दिसतं. मी तिला उचललं आणि सरळ बाहेर आलो.

गाडीतूनच जबलपूरला फोन लावला. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, शुगरमुळेही मोतीबिंदू होतो, भुरीची शुगर तपासली का? मी फोन ठेवला तर शेजारी फुगून बसलेले काकाजी म्हणतात, "हौ, ते ठीक आहे. पण बाई कोणत्या समाजाची आहे?"

असे नमुने तुमच्याकडेही आहेत, की सगळे आमच्याच समाजात जन्मले?