सावलीत पांढरं, उन्हात निळं: अकरा साड्या घेऊन जळकोटला

जळकोटला कुणी हौसेनं फिरायला जात नाही. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. बहुतेकांनी ते धावत्या गाडीच्या खिडकीतूनच पाहिलेलं असतं. मी मात्र यंदाच्या भीमजयंतीला तिथंच जायचं ठरवलं, तेही अकरा साड्यांचं गाठोडं घेऊन.

मी इचलकरंजीत कापड तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. गेले वर्षभर आम्ही एका रंगाच्या मागे होतो. पॉलिस्टरवर छापला की सावलीत दिसत नाही, ऊन लागलं की निळा होतो. हिवाळ्यात जळकोटच्या माझ्या शांतामावशीनं त्याचा तुकडा अंगणात धरून पाहिला आणि हुकूमच सोडला, "विहारातनं पांढऱ्या साडीत निघायचं, अन् उन्हात पाय ठिवला की निळं व्हायचं! आमच्या लेझमीला ह्याच साड्या पायजेत." मावशी बायकांच्या लेझीम पथकाची म्होरकी. जयंतीनंतर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन, म्हणजे नाचायची ही शेवटची मिरवणूक. नाही म्हणायची माझी काय बिशाद!

आदल्या दिवशी सकाळी सोलापूरहून एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास अगदी स्वस्तात होतो.

"ताई, गाठोड्यात काय?" कंडक्टरनं विचारलं.

"जयंतीच्या साड्या."

"मग वर टाकू नका. मांडीवर घ्या."

वाटेत नळदुर्गला उतरून कांदा, मिरची घातलेलं चुरमुऱ्यांचं गरमागरम सुशीला खाल्लं. किल्ला पाहायचा तर सकाळीच उरका, एप्रिलात दगड तव्यासारखे तापतात. आणि धबधबा हवा असेल तर पावसाळ्यातच या. जळकोटात लॉज शोधत बसू नका, मुक्कामाला नळदुर्ग किंवा तुळजापूर बरं. मला मावशीचं घर होतं, आणि भाकरीबरोबर शेंगाची चटणी होती.

संध्याकाळी विहारापुढं तालीम. सगळ्याजणी नव्या साड्या नेसून, छातीशी पदरावर जयंतीचा बिल्ला लावून आल्या. हलगी वाजली, लेझमी खळखळल्या. अंगणवाडीतल्या सुमनताईंनी वाकून हात मागं नेला आणि टर्रकन आवाज झाला. बिल्ल्याच्या पिनेपासून थेट कमरेपर्यंत पदर फाटला होता. पुढच्या फेरीत आणखी एकीचा.

आमच्या यंत्रावर हे कापड दोन्हीकडून ओढलं तेव्हा साध्या पॉलिस्टरइतकंच टिकलं होतं. पण टोचून, मग ओढून कुणी पाहिलंच नव्हतं. रंग धरून ठेवायला जो चिकट लेप लावतो, त्यानं धागे एकमेकांना जखडले होते. साध्या कापडाला भोक पडलं की आजूबाजूचे धागे सरकून गोळा होतात आणि ताण वाटून घेतात. इथं कुणाला सरकताच येत नाही. मग एकेक धागा एकटाच सारा ताण झेलतो आणि एकेकटाच तुटतो.

"बिल्ला ब्लाउजला लावला तर?" मी चाचरत विचारलं.

"पदराखाली झाकायला बिल्ला लावतेत व्हय?" मावशी म्हणाली.

"लेझीम न्हाय तर साडी, एक काय तरी सोडावं लागंल," सुमनताई म्हणाल्या. मावशी पायरीवर बसून गुडघा चोळत राहिली. तिचा तो पडलेला चेहरा बघवेना. माझ्या कापडाचा मला मनापासून राग आला.

मी फाटलेला पदर हातात घेऊन चाचपत होते. फाट अगदी सरळ गेली होती, दोऱ्याला दोरा धरून. मी म्हटलं, "मावशी, ह्याच साड्या फाडून फेटे बांधू या का? फेट्याला पिन लागत नाही."

मावशीनं काठाला दातानं चीर पाडली आणि साडी उभी फाडली. एका साडीचे दोन फेटे. बाकीच्या हसायला लागल्या आणि अंगणात टर्र टर्र सुरू झालं. वर्षभर जपलेलं काम डोळ्यांदेखत चिंध्या होत होतं, तरी मला हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी वंदना आटोपून पथक विहारातून बाहेर पडलं. अंगावर घरच्या पांढऱ्या सुती साड्या, पदरावर बिल्ले, डोक्याला पांढरे फेटे. मावशी पहिली उन्हात आली. आधी काहीच झालं नाही. मग माथ्यावरून निळा रंग फेट्यावर पसरू लागला, तिच्या, मग मागच्या ओळीच्या, मग सगळ्यांच्या. "आगं, बघा, बघा!" रस्त्याच्या कडेच्या बायका ओरडल्या. मावशी गुडघा विसरून नाचली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

इचलकरंजीला परतून पहिलं काम केलं ते कापडाला आधी टोचून मग ओढायची चाचणी लावून घेण्याचं. लेप बदलायला हवा, हे साहेबांनाही पटलं. पण परवा मावशीचा फोन आला. ऑपरेशन होऊन ती घरी आली होती.

"फेटा रोज उन्हात धरून बघती. निळा कमी येतोय गं."

मी खरं तेच सांगितलं. हा रंग ऊन खाऊन खाऊन थकतो, त्याला इलाज नाही.

ती म्हणाली, "थकू दे की. मी बी थकलीच. पर त्या दिशी झालो न्हवं निळं?"

"झालात," मी म्हटलं. "सगळ्या गावानं पाहिलं."