किल्ली खिशात ठेवून किक मारणारा बाप

तिकोणा पेठेच्या आमच्या मुलींच्या शिबिरात आईबापांनी थांबायचं नाही, हा माझा कडक नियम. टाकव्याहून लेकीला सोडायला आलेला एक बाप मात्र हलेना. "मॅडम, गाडीच चालू व्हईना," म्हणत तो मोटरसायकलला किकवर किक मारत होता. किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होती. मी डोळे वटारले की तो खांद्यावरच्या टॉवेलने घाम पुसायचा आणि पुन्हा सुरू.

शेवटी नाद सोडून मी मुलींना शिकवायला लागले : संकटात तीन शिट्ट्या वाजवायच्या. सरावाला नेमकी त्याचीच लेक उठली. तिसरी शिट्टी वाजायच्या आत गडी धावत आला आणि दोरीत पाय अडकून तंबूसकट आडवा झाला. लागलं काहीच नाही, पण मुलींना आयता पेशंट मिळाला! दोन काठ्या आणि चादरीचं स्ट्रेचर करून चौघींनी त्याला उचललं. पुढे त्याची लेक.

"पप्पा, हलू नका," ती खेकसली.

तो निमूट पडून राहिला. मग मला हळूच म्हणाला, "घरी हिला पान्याचा हंडा उचलू देत न्हाई मी. म्हन्लं, झेपायचं न्हाई."

त्याने खिशातून किल्ली काढली. "पोरींनो, गाडीपाशीच उतरवा मला. आता व्हईल चालू."