आमची एसटी टिकली कशी

शहरात उस्मानपुऱ्यात माझ्या घरी गावाकडचं कुणी आलं की चहा दोनदा ठेवावा लागतो. एका किश्श्याला चिकटून दुसरा येतो, आणि आमचे निम्मे किस्से गाडीचेच! कन्नड आमचं तालुक्याचं गाव, त्याच्या अलीकडं सडकेवर फाटा, तिथून आत आमचं गाव. चार गल्ल्या, एक मारुती, एक मशीद. संपलं.

*

कन्नडला जायचं तर कादरचाचाची जीप. ती कितीही भरलेली असो, चाचाचं म्हणणं ठरलेलं, "सरका जरा, अजून एक बसतंय." आणि बसायचंही. शेवटी जागा उरायची नाही ती चाचालाच. अर्धा दाराबाहेर लोंबकळत तो जीप हाकायचा.

एकदा कुणाचा तरी पाहुणा आत चेंगरला होता. घाबरून विचारतो, "अहो, ड्रायव्हर कुठंय?"

चाचा बाहेरून म्हणाला, "हाय, हाय. तुम्ही सरका."

*

शाळा फाट्यावर, दहावीपर्यंत. पुढचं कॉलेज कन्नडला. दहावीच्या वर्षीच आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सांगून टाकलं, "गावात एसटी आली तर कॉलेज. जीपात कोंबून पोरगी धाडणार नाय. नायतर स्थळं बघतो." मला रडूच कोसळलं.

माझी मैत्रीण नसरीन, कादरचाचाचीच पोरगी. म्हटलं, हिचं बरंय, घरची जीप! तर ती माझ्याहून जास्त रडवेली. म्हणाली, "अब्बा बोलते, उस जीप में अपनी बेटी नक्को."

*

मग सरपंच एसटी मागायला डेपोत गेले. साहेबांनी विचारलं, गावाची लोकसंख्या किती?

सरपंच म्हणाले, "दसऱ्याच्या आधीची सांगू का नंतरची?"

साहेबांना वाटलं, माणूस चेष्टा करतोय. पण खरंच होतं ते. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. मागं म्हातारी माणसं आन् शेळ्या. साहेबांना हसू आवरेना, आणि त्या हसण्यातच महिनाभरासाठी एसटी मिळाली. अट एकच, रिकामी फिरली तर बंद.

*

पहिल्या दिवशी काय तो थाट! बायांनी गाडीला ओवाळलं, नारळ फुटला, ड्रायव्हर-कंडक्टरला टोपी-टॉवेलाचा आहेर झाला. पोरंसोरं धरून अख्खं गाव हजर. गाडी निघाली, सगळ्यांनी हात हलवले. ती फाट्याकडं वळल्यावर अण्णांच्या ध्यानात आलं की आत कुणी बसलंच नाही. सगळे निरोप द्यायला थांबले होते! कंडक्टर बिचारा नवी टोपी घालून एकटाच कन्नडला पोचला.

पुढंही तेच. एसटी चौकात उभी राहायची आणि चाचा दारापर्यंत न्यायला यायचा. सवयीनं लोक जीपातच चढायचे. माझा जीव नुसता टांगणीला लागलेला. अण्णांनी एक स्थळ बघूनही ठेवलं होतं.

*

महिना भरत आला आणि साहेब स्वतः बघायला आले. नेमका दसरा उरकलेला. ऊसतोडीचे ट्रक गाव घेऊन गेलेले. चौकात एसटी, आत पहिल्या सीटवर साहेब, बाकी सगळी गाडी मोकळी. नसरीन आणि मी पारापाशी उभ्या होतो, दोघींचे चेहरे पडलेले. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला.

तेवढ्यात धुरळा उडवत चाचाची जीप आली. कन्नडच्या बाजाराचा दिवस, वस्त्यावस्त्यांवरची माणसं त्यानं उचलून आणली होती. जीप एसटीला आडवी लावली आणि म्हणाला, "उतरा समदे. आज ह्या गाडीत."

जीपातून माणसं उतरतच राहिली. टोपल्या आल्या, कोंबड्या आल्या, पारावरच्या म्हाताऱ्यांनाही चाचानं हाताला धरून वर चढवलं. बघता बघता गाडी गच्च! मग त्यानं आम्हा दोघींना दारातून आत ढकललं आणि पहिल्या सीटकडं वळला.

"साहेब, सरका जरा. अजून दोन बसतेत."

साहेब सरकले.